माझ्यावरचा अठरावा फोटो

तोंड मातीत आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मी फ्लेक्स आहे. दहा बाय सहाचा, कडेला रिंगा, चारही कोपऱ्यांना सुतळी. आयुष्याचे पहिले तीन दिवस मी उभा होतो. त्यानंतर आडवा पडलोय, तोही पालथा. तरी माझी तक्रार नाही.

माझा जन्म कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या जोतीरामच्या दुकानातला. जोतीराम रोज वाढदिवसांचे फ्लेक्स छापतो, त्यामुळे आपल्या नशिबीही कुणाचा तरी केक असणार, असंच मी धरून चाललो होतो. पण दुकानात आली पूर्णिमा, विद्यापीठात मानसशास्त्रात एम. ए. करणारी मुलगी. आदल्या वर्षी ती बावीस दिवस होस्टेलच्या खोलीतून बाहेर पडली नव्हती. मैत्रिणींना वाटलं, गावाकडं गेली असेल. कुणी दारसुद्धा वाजवलं नाही. त्यातून सावरल्यावर तिनं ठरवलं, की विद्यापीठात अशी एक जागा करायची, जिथं पोरांनी यावं, बसावं, मनातलं बोलावं, आणि कुणी त्यांना नाव विचारू नये.

तिला माझ्यावर एकच मजकूर हवा होता. 'बोलायचं असेल तर बुधवारी चारला या. नाव सांगायची गरज नाही.'

"एवढंच?" बरोबर आलेला सम्राट म्हणाला.

सम्राट तिचा वर्गमित्र. मनानं लाख माणूस, पण कुणाच्या घरी पाळणा हलला तरी हा स्टेज बांधायला निघणार.

"असला कोरा फ्लेक्स कोण बघंल? फोटो पायजेत. आनि मंडळ म्हण की! मन मोकळं मंडळ!"

"मला मंडळ नको, सम्राट. एक खोली आनि चार खुर्च्या पायजेत."

"खोली मिळायलाच मोठ्या मान्सांचे फोटो लागत्यात," सम्राट म्हणाला.

जोतीरामनं आधी पाच फोटो लावले. मग सम्राटचा मोबाईल वाजत राहिला आणि फोटो येत राहिले. कुणाचा वर, कुणाचा मोठा, यात सकाळ गेली. नवा फोटो आला की पूर्णिमाची ओळ एक बोट खाली सरकायची. शेवटी माझ्यावर सतरा मान्यवर झाले. काही माजी, बरेचसे भावी. सतरावा स्वतः सम्राट, खाली उजव्या कोपऱ्यात, हात जोडलेला. ती ओळ पार तळाला गेली, मुंगीच्या अक्षरात.

उद्घाटनाच्या दिवसापर्यंत मंडळाला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सगळे मिळाले. सभासद तेवढा मिळायचा राहिला होता.

त्या दुपारी विद्यापीठाच्या सभागृहात मला स्टेजवर बांधायचं काम चाललं होतं. सम्राट माझ्यामागं शिडीवर चढून सुतळी ओढत होता. तेवढ्यात पूर्णिमाजवळ एक शिडशिडीत मुलगा आला. हा कृष्णात, मलकापूरकडचा, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. सतरा फोटो ओलांडून माझ्या तळाची ओळ वाचणारा तो पहिला आणि एकटा.

"ताई, बुधवारी यायचं म्हंजे... नाव खरंच सांगाय लागत न्हाय?"

"न्हाय लागत."

"आनि घरी कळवत न्हाईसा न्हवं?"

"कुणालाच न्हाय."

मग तो भडाभडा बोलला. परीक्षेच्या दोन पेपरना तो दारापर्यंत गेला होता. हात थरथर कापायला लागला, छातीत कोंडलं, आणि तो दारातूनच माघारी फिरला. घरी सांगितलं, पेपर चांगले गेले. आता आठ दिवसांवर निकाल होता.

"आण्णांस्नी काय सांगू, ताई? डेअरीत भेटंल त्याला सांगत्यात, पोरगं पास झालं म्हनून."

"बुधवारी ये. निवांत बसून ठरवू या," ती म्हणाली. कृष्णातनं सोडलेला श्वास माझ्या अंगाला लागला. उद्घाटनाआधीच माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटून गेलं. तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

संध्याकाळी हलगी कडाडली. सतरा फेटे, सतरा शाली, सतरा नारळ. मनाच्या आजारांवर बोलायला सांगलीहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांच्या वाट्याला सात मिनिटं आली. त्यातली दोन माईक खाली करण्यात गेली. मग सम्राटनं माईक हातात घेतला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. शिडीवरून त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. आपल्या होस्टेलचा कृष्णात बोलायला तयार झालाय, एवढंच. त्याचे डोळे खरोखर भरले होते. आणि आमच्या कोल्हापुरात ऊर भरून आला की हात आधी फेट्याकडं जातो.

"मित्रांनो, मन मोकळं करायला वाघाचं काळीज लागतंय! आपल्या मंडळाचा पैला वाघ हितंच बसलाय! कृष्णात, ये भावा वर!"

कृष्णात दाराकडं बघत होता. दोघांनी त्याला दंडाला धरून वर आणलं. "सम्राट, थांब!" असं पूर्णिमा ओरडली, ते हलगीत कुणाला ऐकू आलं नाही. त्याच्या डोक्यावर फेटा चढला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. जन्मात कधी फोटोत असा चेहरा बघितला नव्हता मी, आणि जोतीरामकडं मी पुष्कळ फोटो बघितलेत.

दुसऱ्या दिवशी सम्राटनं तो फोटो स्टिकरवर छापून आणला आणि माझ्या छातीवर मधोमध चिकटवला. 'मन मोकळं करणारे पहिले विद्यार्थी चि. कृष्णात यांचे हार्दिक अभिनंदन!' मग मला मुख्य गेटवर टांगलं. त्याआधी माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता पोरं थांबून वाचत होती, हसत होती, मोबाईल काढत होती. कृष्णात त्या दिवशी एकदाच गेटपर्यंत आला. मला बघून तो तिथूनच माघारी वळला. मला तोंड फिरवता आलं असतं तर मी फिरवलं असतं. पण फ्लेक्सची जात, चारी बाजूंनी बांधलेली.

तिसऱ्या दिवशी पूर्णिमानं कँटीनची सुरी आणली आणि माझ्या सुतळ्या कापल्या. सम्राट धावत आला.

"आगं, सन्मान केला की आपुन त्याचा!"

"त्यानं सन्मान मागितलता? कुणाला सांगू नको एवढंच मागितलतं त्यानं!"

सम्राट हातातल्या मोबाईलकडं बघत उभा राहिला.

तो बुधवार होता. इतके फोटो लावून मिळवलेल्या खोलीत नेमकी कसली तरी बैठक निघाली. म्हणून पूर्णिमानं मला करंजाच्या झाडाखाली अंथरलं, पांढरी पाठ वर आणि मान्यवर खाली. त्यावर ती एकटी बसून राहिली. चार वाजले, साडेचार वाजले. कृष्णात फोन उचलत नव्हता.

आला तो एक पांढऱ्या टोपीचा माणूस, एसटीतून थेट, हातात पेढ्यांचा पुडा.

"पोरी, माझ्या पोराचा बोर्ड कुठं लागलाय? कृष्णातचा. गावात समद्यांच्या मोबाईलवर आलाय. पर सत्कार कशाचा, त्ये कुनालाच सांगता येईना झालंय."

पूर्णिमाला सगळं ठाऊक होतं. पण दिलेला शब्द तिनं मोडला नाही.

"बसा, आण्णा. त्ये तुमचा कृष्णातच सांगंल."

'आण्णा आलेत' एवढाच निरोप तिनं त्याच्या मोबाईलवर पाठवला. पंधरा मिनिटांनी कृष्णात आला. खांद्यावर भरलेली पिशवी होती. तो निघालाच होता, कुठं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आण्णांनी पिशवीकडं बघितलं, मग पोराकडं.

"मन मोकळं केलंस म्हनं," आण्णा म्हणाले. "साऱ्या गावाला कळलं. मला तेवढं न्हाय कळलं."

कृष्णात माझ्यावर मटकन बसला. पूर्णिमा उठून लांब जाऊन उभी राहिली. मग त्यानं सगळं सांगितलं. दोन पेपर, परीक्षेचं दार, फेटा, सगळं. सांगताना तो रडला आणि ते पाणी माझ्या पाठीवर पडलं.

आण्णांनी एकच विचारलं. "हात अजून कापतोय?"

"व्हय."

त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "म्हस बिथरली तर आपुन तिला मारत न्हाय, पाठीवर हात फिरवतोय. तू तर माझा पोरगा हाईस की. पेपर परत दिऊ."

मग तिघांनी पेढे खाल्ले. निघताना आण्णांनी माझी कड उचलून बघितली. "ह्यो काढू का?"

"काढा," कृष्णात म्हणाला.

नखानं कोरत कोरत त्यांनी तो अठरावा फोटो सोलून काढला. घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. पोराचा फोटो टाकवेना त्यांना. माझ्या छातीवर तेवढा चिकटा राहिलाय, त्याला माती लागते.

तेव्हापासून दर बुधवारी मी इथं असतो. कधी दोघं येतात, कधी सातजण. कृष्णातनं ते पेपर पुन्हा दिले. पहिल्या दिवशी पूर्णिमा दारापर्यंत त्याच्याबरोबर गेली होती. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येतात, फेट्याशिवाय, आणि अंधार पडेपर्यंत बसतात.

गेल्या बुधवारी सगळे गेल्यावर सम्राट आला. पायताण बाजूला काढलं, मोबाईल पिशवीत घातला. बसला तो नेमका खालच्या कोपऱ्यात, स्वतःच्या जोडलेल्या हातांवर.

"पूर्णिमा," तो हळूच म्हणाला, "माझं नाव कुठं सांगाय लागत न्हाय न्हवं?"

"न्हाय लागत," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकून बसली.

तुम्हालाही कधी वाटलं तर या. बुधवारी चारला, करंजाखाली. माझ्यावर मोठमोठी माणसं आहेत खरी, पण त्यांची तोंडं मातीत आहेत. ती कुणाला काही सांगायची नाहीत.