जवाखालची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. झिजून बोटाएवढी उरले, तरी माझे नाक वरच आहे. ग्रीस देशातल्या आमच्या डोंगराळ गावच्या लोहाराने मला घडवले, ते बळीच्या कामासाठी. जनावराला पाते दिसू नये म्हणून मला टोपलीत जवाच्या दाण्यांखाली लपवत. डोक्यावर पाणी शिंपडल्यावर जनावराने मान हलवून होकार दिला, तरच मला बाहेर काढायचे. हट्टी जनावरांपायी मी कितीदा तरी कोरडीच घरी परतले आहे.

आमचा पैलवान दामोखारिस ऑलिंपियाच्या खेळांत कुस्ती जिंकला, तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घ्यायचे सोडून 'लाच देऊन जिंकला' म्हणून हिणवले. ती आवई उठवली पुजारी गोर्गोसने. त्याचा सख्खा भाऊ त्याच फडात दामोखारिसकडून चीतपट झाला होता. दामोखारिस गाव सोडून गेला आणि परमुलखात तापाने वारला. मग तीन वर्षे पाऊस नाही. देववाणी झाली, 'तुमच्या पैलवानाला वीर म्हणून पुजा.'

समाधीपाशी रक्तासाठी खड्डा खणला, काळा मेंढा आणला. दामोखारिसची आई मेलित्ता पुढेच उभी होती. मुलाच्या नावावरचा डाग पुसला जाणे आता त्या मेंढ्याच्या मानेवर होते. गोर्गोसने पाणी शिंपडले. मेंढा ढिम्म हलेना. पुन्हा शिंपडले, तरी तेच.

"वीर कसला, लबाडच तो," कोणीतरी पुटपुटले.

"कानात ओत की, आपोआप मान हलवेल," दुसरा म्हणाला.

मेलित्ता पुढे आली. "पाणी राहू दे, गोर्गोसा. माझा पोरगा खोटा होता का, तेवढं सांग."

गोर्गोसने टोपली खाली ठेवली. "खोटा मी होतो, काकू. त्यानं माझ्या भावाला सरळ लोळवलं. मलाच ते बघवलं नाही."

"मला नको, त्याला सांग."

गोर्गोस गुडघ्यांवर बसला, जमिनीला हात लावून सगळे पुन्हा मोठ्याने बोलला. मग उठून त्याने पाणी शिंपडले. मेंढ्याने मान हलवली. कानात माशी शिरली असेल, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! मला मात्र त्या दिवशी माझ्या कामाचा अभिमान वाटला.

पाऊसही झाला. चार वर्षांनी गावचा एक धावपटू जिंकून आला, तर गोर्गोस धापा टाकत सगळ्यांच्या आधी वेशीकडे निघाला.

"पळ गोर्गोसा," मेलित्ता दारातून म्हणाली, "या खेपेला वेळेवर पोच."

आता नवी सुरी आली आहे आणि मी फळीवर गंजत पडले आहे. मला तेलाचे बोट लावलेत तर बरेच वाटेल, नाही लावलेत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, कोणाला शाबासकी द्यायची असेल तर आजच द्या. समाधीची पाठ थोपटता येत नाही.