आमच्याकडची भोरडी

बागेत पडलेल्या सफरचंदांवर रोज काळ्या, ठिपकेवाल्या मैना तुटून पडत. शनिवारी सकाळी त्यांच्यात एक मळकी बसलेली होती. आसावरीने चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि दुर्बीण उचलली. अंगावर एकही ठिपका नाही. पाठ मातकट, पंख गडद. चोच आखूड, जाडसर, पिवळट.

"भोरडी," ती म्हणाली. ऐकायला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

मंगळवेढ्याला मामाच्या शेतात ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. नाताळच्या सुट्टीत आसावरी माळ्यावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवायची. पूर्ण वाढलेली भोरडी अशी गुलाबी आणि काळी, की कुणीही ओळखावी. पण पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं ना गुलाबी ना काळी, धुळीत लोळून उठल्यासारखी. मामी त्यांना ‘मळकी’ म्हणायची. पुढे आसावरी रसायनशास्त्र शिकली, ग्रोनिंगन या डच शहरातल्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासू लागली, आणि नवऱ्याबरोबर, सारंगबरोबर, शहर सोडून उत्तरेला, समुद्राच्या बांधाजवळच्या या गावात राहायला आली. पण लहानपणी पाठ केलेले पाढे जसे विसरत नाहीत, तशी मळकीही विसरली नव्हती.

नेमकी त्याच शनिवारी-रविवारी गावाची हिवाळी पक्षीगणना होती. तिने घाईघाईत एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. डच ती चांगलं बोलायची, पण आनंदाच्या भरात वाक्य मराठीतच जुळलं आणि तसंच डचमध्ये उतरलं: ‘बै ऑन्स अगदी साधी स्प्रेउ!’ स्प्रेउ म्हणजे मैना, आणि बै ऑन्स म्हणजे आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे मंगळवेढ्याला, हे सांगायची गरज तिला वाटलीच नाही.

गणनेचं सगळं पाहणारे हार्म हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी वाक्य वाचलं तसं घेतलं. आमच्याकडे म्हणजे या गावात, आणि साधी स्प्रेउ म्हणजे साधीच स्प्रेउ. त्यांनी खाली पसंतीचा अंगठा टाकला आणि ठिपकेवाल्या मैनांत एकीची भर घातली.

आसावरीने भोरडीचं पुस्तकातलं नाव देऊन लगेच दुरुस्ती केली: ही साधी नाही, गुलाबी मैना आहे. मग मात्र सगळ्यांना तिची काळजी वाटू लागली. एका बाईंनी मैना कशी दिसते त्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्याने लिहिलं की, फोटोत गुलाबी काहीच दिसत नाही. हार्मनी अगदी मायेने समजावलं की गुलाबी मैना आपल्याकडे क्वचित येते, आणि तीही हिवाळ्यात नव्हे. रंग उडालेली साधी मैना असणार, नव्या माणसाची अशी गल्लत होते.

नव्या माणसाला या गावात नऊ वर्षं झाली होती.

आर्नहेमच्या कंपनीचं काम घरून करणारा सारंग हेडफोन काढून बाहेर आला. त्याने सगळं वाचलं आणि सोडून दे म्हणाला. एका पाखरासाठी गावाशी वाकडं कशाला घ्यायचं.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," तो म्हणाला. "आपण तर बाई समुद्राच्याही खाली राहतो."

"मग माशांनी निदान मासा ओळखावा," आसावरी म्हणाली आणि कोट चढवून सरळ हार्मच्या दारात गेली.

तिने वाद घातला नाही. संशयाची नोंद दुसऱ्या कोणी डोळ्यांनी पाहिली तर धरायची, हा नियम हार्मचाच होता. उद्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसा, एवढंच तिने सांगितलं. हार्मना नाही म्हणता आलं नाही.

रविवारी ते तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण घेऊन आले. आसावरीने रात्रीच सफरचंदं आडवी चिरून ठेवली होती. ती बाहेर बर्फाळ गवतावर मांडली. आल्याचा चहा केला. हार्मनी पहिला घोट घेतला, ठसकले, आणि दुसरा कप मागितला. ठिपकेवाल्या मैना आल्या, भांडल्या, उडाल्या. एक तास गेला. सारंग दोनदा डोकावून केविलवाणा चेहरा करून गेला.

मग मळकी आली. चिरलेल्या फोडीवर बसलेल्या दोन मैनांना तिने चोच उगारून हुसकावलं आणि फोड एकटीने खायला लागली. हार्म कितीतरी वेळ दुर्बिणीवरून डोळा काढेनात. चहा निवला.

"ठिपके नाहीत," ते शेवटी म्हणाले. "आणि ही चोच. गुलाबी मैनाच आहे. माझी चूक झाली."

आसावरीला हायसं वाटलं, पण घटकाभरच. हार्म सामान आवरता आवरता म्हणाले की, हिवाळ्यात इतक्या उत्तरेला म्हणजे कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेली असणार. दुपारी सभागृहात फळ्यावर ते तिची नोंद नक्की करतील. रेघेच्या खाली.

फळ्यावरची ती रेघ गावात सगळ्यांना ठाऊक होती. वर रानपाखरं. खाली सुटलेले पोपट, हरवलेली पाळीव बदकं, म्हणजे इथली नसलेली.

तिने विचारलं, पायात कडी दिसली का. नाही. पिंजऱ्याच्या गजांवर घासून शेपटी झिजते, तशी झिजलेली दिसली का. तीही नाही. पण त्याने काही सिद्ध होत नाही, असं हार्म म्हणाले. हे तिलाही मान्य होतं. सिद्ध होत नाही ते दोन्ही बाजूंनी होत नाही, एवढं मात्र ती बोलली, आणि कप विसळायला लागली.

दुपारी सभागृहात वाटाण्याच्या दाट सुपाचा वास भरला होता. निम्मं गाव वाडगे घेऊन बसलेलं. हार्मनी आकडे वाचले, टाळ्या झाल्या, मग ते रेघेखाली लिहायला वाकले. तेवढ्यात आसावरी उठली. तिचा वाडगा सारंगच्या हातात आला. तो दोन वाडगे धरून बसून राहिला. तिने खोक्यातला दुसरा खडू घेतला आणि रेघेच्या वर, इजिप्शियन बदकांच्या खाली, स्वच्छ अक्षरांत लिहिलं: गुलाबी मैना, एक.

हार्म हळूच म्हणाले की, हे त्यांना पुसावं लागेल.

"पुसा," आसावरी म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "पण वरून सुरुवात करा. आधी फेझंट. ते लांब शेपटीचे कोंबडे शिकारीसाठी माणसांनीच आणून सोडले. मग इजिप्शियन बदकं. ती बागांतल्या तळ्यांवरून सुटली. ती पुसून झाली की माझी पुसा. मी पुन्हा लिहीन."

हार्म फडकं हातात घेऊन उभे राहिले. ती बदकं इथे पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालताहेत, असं ते म्हणू लागले.

"पहिलं बदक आलं तेव्हा त्याचीही पिढी नव्हती," ती म्हणाली.

मागच्या बाकावर शिकारीला जाणारा एक शेतकरी मोठ्याने हसला. फेझंट पुसायचे नाहीत हं, असं त्याने हार्मना बजावलं. आता हसण्याची पाळी इतरांची होती. हार्मनी फळ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि ते घडी करून खिशात घातलं. मात्र हार मानल्याचं कुठे दिसू दिलं नाही. ते मास्तरी आवाजात म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात हिच्यावर चर्चा होईल.

"होऊ द्या," आसावरी म्हणाली.

पुन्हा सूप वाढता वाढता हार्मनी विचारलं, की तुमच्याकडे हिला काय म्हणतात. बै युली. तुमच्याकडे.

आसावरीने सारंगच्या हातातून आपला वाडगा परत घेतला.

"बै ऑन्स," ती म्हणाली, "भोरडी."