लांबची तार

"गेलं बघ परत," सिस्टर सेनाम म्हणाल्या. पडद्यावर तीन पाळण्यांचं तापमान नीट दिसत होतं. खिडकीजवळच्या चौथ्याच्या जागी नुसती रेघ. त्यात अपुऱ्या दिवसांचं, ओंजळीएवढं बाळ झोपलं होतं.

एलिकेम मान खाली घालून उभा राहिला. घानातल्या केटा गावच्या इस्पितळासाठी हे यंत्र त्यानंच बनवलं होतं. त्याच्या टेबलावर ते शहाण्यासारखं वागायचं आणि वॉर्डात आलं की अंग टाकायचं. चौथ्या पाळण्याचा सेन्सर त्यानं दोनदा बदलून पाहिला होता. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर यंत्र घेऊन जा, आम्ही आपले हातानं ताप मोजू, असं सिस्टरांनी सांगितलं. पण पाळीला नर्सा दोनच, आणि एवढंसं बाळ गार पडायला कितीसा वेळ लागतो?

दुपारी तो एसी नावाच्या बाईच्या टपरीवर अबोलो, म्हणजे पानात वाफवलेली मक्याची भाकर, खायला बसला. सारा बाजार तिला दावी, म्हणजे थोरली बहीण म्हणे. एलिकेमच्या तर ती गुरूची बायको. गुरू एफो डोत्से, म्हणजे डोत्सेदादा, टेलिफोन खात्यातले लाइनमन. तारेचं सगळं काम त्यांनीच त्याला शिकवलं, फुकट आणि कान पिळून. ते असताना दावी रोज दोन पुड्या बांधायची, एक गुरूची नि एक चेल्याची. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"तोंड का असं आंबलेल्या पिठासारखं?" दावीनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. तीन पाळणे बोलतात, चौथा गप्प.

"चौथाच का?"

"तो लांब आहे, दावी. तार पार खिडकीपर्यंत जाते."

"मग तुझा एफो काय म्हणायचा? फोनवर माझ्यावरसुद्धा खेकसायचा. सावकाश बोल, एसी, तार लांब आहे."

एलिकेमच्या हातातला घास हातातच राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

यंत्र ज्या तारेवरून सेन्सरांशी बोलतं, तिच्यावर बोलायचा वेग ठरवणारी एक ओळ त्याच्या फाइलीत असते. ती बदलून त्यानं वेग चौथाईवर आणला. तरी रेघ तशीच. मग यंत्र ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचं, तिच्या गाभ्यात तो शिरला, तेव्हा चोर सापडला. त्या तारेचा कारभार पाहणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ती ओळ वाचतच नव्हता. आपल्याच वेगानं बडबडत सुटला होता. आखूड तारेवर ते खपून जायचं. एलिकेमनं त्याला ओळ वाचायला लावली. गुरुवारी चौथ्या पाळण्याचा आकडा उमटला आणि टिकला. बाळाचा मोजा सारखा करून सिस्टर सेनामनी एलिकेमसाठी खुर्ची ओढली.

जगात आणखी कुणाची तरी तार लांब असणारच, म्हणून त्यानं ती दुरुस्ती गाभ्याची राखण करणाऱ्यांकडे पाठवली. त्या लोकांची एक रीत आहे. ज्याच्या सांगण्यावरून काम झालं, त्याचं नाव आणि ईमेलचा पत्ता तळाशी लिहायचा. एलिकेमनं लिहिलं, सुचवणारे: डोत्से आमेवोर. गुरूचं ऋण फिटत नाही; नाव तरी लिहिता येतं.

दूरच्या कुठल्याशा थंड गावातून मार्केटा नावाच्या बाईंचं उत्तर आलं. काम चोख आहे, पण सुचवणाऱ्यांचा पत्ता राहिलाय. एलिकेमनं कळवलं की गुरूंनी संगणकाला कधी हात लावला नाही, आणि आता ते नाहीत. नाव काढावं लागणार, असं त्यानं धरूनच चाललं होतं.

"मग नुसतं नाव राहू द्या," बाईंनी लिहिलं. "आणि तुमच्या आभारात माझेही मिळवा."

एलिकेम उठला तो थेट टपरीवर गेला.

"म्हणजे जिथं जिथं ते यंत्र चालणार, तिथं आत आमचं माणूस?" सगळं ऐकून दावी म्हणाली.

"नाव आहे, दावी. पुढं पत्ता नाही."

"बरोबरच आहे. पत्ता कुठला लिहिणार?"

एलिकेमनं एक पुडी मागितली. दावीनं दोन बांधल्या. त्यानं दोन्ही घेतल्या.