दस्तरखानावर झालेला निर्णय

नाशिकहून मुक्ताने मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सभासदांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, विचारलेला प्रश्न लहानसा होता : "निर्णय झाला असेल, तर तो कुठे झाला?" तीन दिवस उलटले, तरी 'अंगण'च्या चारशे सभासदांपैकी एकानेही उत्तर दिले नव्हते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांचे मौन क्षम्य होते. ठाऊक असलेले सहाही जण कुवेतमध्ये होते, आणि काशिनाथ त्यांपैकी एक होता.

'अंगण' ही मराठीतून चालणारी, कोणीही घ्यावी आणि सुधारावी अशी संगणकप्रणाली. शाळांतल्या जुन्या संगणकांवर ती बसवून देणारा प्रोग्राम मुक्ताने दोन महिने खपून लिहिला. तो तिने पाठवला, तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख इम्तियाजभाई यांनी दोन ओळींत कळवले, की दुसरा तयार प्रोग्राम घ्यायचे आधीच ठरले आहे.

ठरले होते खरे. कुवेतच्या राई भागातल्या इम्तियाजभाईंच्या गोदामात दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरून जेवायला जमायची रीत होती. सात आठवड्यांपूर्वी सुरमईचे कालवण वाढता वाढता त्यांनी विषय काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लिस्टवर दुसरा कोणीतरी लिहील, असे प्रत्येकाने गृहीत धरले. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर 'सर्व निर्णय लिस्टवरच होतील' असे वचन होते, आणि त्याचा शब्दन् शब्द काशिनाथने घासूनपुसून लिहिला होता. आता ते वाचताना त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

मंगळवारी कचेरीतून तो थेट गोदामात गेला.

"काशिनाथराव, आज कसे? शुक्रवारपर्यंत भूक आवरली नाही काय?" इम्तियाजभाई हसले.

"मुक्ताला उत्तर द्या."

"फोन करून समजावतो की. हुशार पोर आहे. चारचौघांत नको म्हटलं तर तिचं मन मोडेल."

"आणि टाकून दिलेल्या कामावर सात आठवडे राबवून घेतलं, त्यानं मन जपलं गेलं?"

"अहो, घर चालवायचं तर प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर न्यायची नसते."

"हे घर नव्हे, इम्तियाजभाई. घर असतं तर तिलाही जेवायला बसवलं असतं."

इम्तियाजभाईंचे हसू मावळले. "पाच वर्षं हा प्रकल्प मी सांभाळला. कोणाला वाकडा शब्द बोललो नाही."

"बोलला नाहीत, हीच माझी तक्रार आहे."

"लिस्टवर लिहिणार असाल, तर शुक्रवारी येऊ नका."

काशिनाथ घरी आला आणि कपडेही न बदलता लिहायला बसला. तारीख, जागा, सहा नावे. पहिले नाव स्वतःचे. 'ज्याची चर्चा लिस्टवर झाली नाही, तो निर्णय मी निर्णय मानत नाही,' असे लिहून त्याने पत्र पाठवले.

अर्ध्या तासात इम्तियाजभाईंचे उत्तर लिस्टवरच आले : "लिहिले आहे ते खरे आहे. तरीही तयार प्रोग्रामच योग्य, असे माझे मत."

त्याखाली मुक्ता : "मतभेद उघड झाला, हे बरे झाले. तयार प्रोग्राम शाळेच्या जुन्या संगणकावर चालवून कोणी पाहिला आहे का?"

कोणीही पाहिला नव्हता. जेवताना तो प्रश्न कोणाला सुचलाही नव्हता. काशिनाथने 'नाही' एवढेच टंकले, मग त्यापुढे 'मीसुद्धा नाही' असे जोडले आणि चारशे जणांना पाठवून दिले.