ओढ्याजवळचा माणूस

आम्हा वसईच्या माणसांचा देवावर विश्वास आहे, पण देवाच्या स्मरणशक्तीवर नाही. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, वाचायला नावांच्या चिठ्ठ्या मागितल्या, की नुसतं 'पेद्रू' लिहून आमचं समाधान होत नाही. 'पेद्रू, विहिरीजवळचा.' 'इनास आजी, चिंचेखालची.' गावात पेद्रू सतरा, प्रार्थना भलत्याच पेद्रूला पोचायची! कतारला दोहात असताना ही यादी टाइप करायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं आणि मी त्या विहिरी नि चिंचा सरसकट उडवायचे. फादरांचा नियमच होता, फक्त नावं. नियम दिसला की उर्सुलाला चेव येतो, असं माझा नवरा ऑल्विन म्हणतो, आणि ते खोटं नाही.

२००६ सालची गोष्ट. तेव्हा दोहात चर्चची इमारत उभी नव्हती. सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्साही शुक्रवारी, एका भाड्याच्या हॉलमध्ये. बाकीचे सहा दिवस मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात सेक्रेटरी. आमचे सेफ्टी ऑफिसर होते डग्लस. ऑस्ट्रेलियन, वय एकोणसाठ, बोलणं मोजकं. साइटवर कुणी हेल्मेटशिवाय दिसला तर ते ओरडायचे नाहीत. स्वतःचं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि तो ओशाळेपर्यंत तसेच उन्हात उभे राहायचे.

दहाच्या चहाला माझ्या टेबलाशी बसून त्यांनी दोन वर्षांत तुकड्यातुकड्यानं आपली हकीकत सांगितली. वडिलांचं एका लहान गावात मटणाचं दुकान. हे वीस वर्षांचे झाले तेव्हा सरकार तरुणांच्या जन्मतारखांची सोडत काढायचं. पिंपातून गोट्या काढायच्या, ज्याच्या तारखेची गोटी निघेल तो दोन वर्षं सैन्यात. यांची निघाली. अडुसष्ट साली व्हिएतनामला गेले, पायदळातले साधे शिपाई. दिवसभर चालायचं, संध्याकाळी खड्डा खणायचा, त्यात झोपायचं, उठून पुन्हा चालायचं. मोजे महिनामहिना ओले, पायाची कातडी सालीसारखी निघायची. रांगेत सगळ्यात पुढे चालायचं काम यांचं. परत आले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "सोमवारपासून दुकानात येतोस ना?" तीन आठवडे त्यांनी मटण तोडलं आणि एका दुपारी सुरी खाली ठेवून घर सोडलं. मग खाणीतली कामं, एक लग्न, ते मोडलं, आणि शेवटी आखात.

ऑक्टोबर संपता संपता त्यांनी विचारलं, "उर्सुला, तुमच्या यादीत माझ्यासारख्याची माणसं चालतील का? लहानपणी मी मिस्सेत घंटा वाजवायचो. नंतर चाळीस वर्षं पाऊल ठेवलं नाही."

"चालतील म्हणजे काय, द्या की!" मी म्हणाले. मला मनापासून आनंद झाला होता.

त्यांनी चिठ्ठी आणून दिली. त्यांच्या पलटणीत मेलेल्या चौघांची नावं, केव्हिन, रे, टेरी, बॅरी, आडनावांसकट. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'माणूस, ओढ्याजवळ. जून १९६८.' मला हसूच आलं. म्हटलं, घ्या, हेसुद्धा आमच्या वसईकरांसारखेच! बॅरीबाबत देवाचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याचा ओढा लिहिलाय. चार नावं टाइप केली, ओढा उडवला.

शुक्रवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, मागच्या भिंतीला लागून उभे. फादरांनी नावं वाचली. चौघं झाले आणि फादर पुढच्या घराण्याकडे वळले. नंतर सगळे बसले तरी डग्लस उभेच होते. मिस्सा संपल्यावर माझ्याकडे आले.

"एवढंच होतं?"

"हो! चारही वाचली ना?" मी ऐटीत म्हणाले.

"वाचली. थँक यू, उर्सुला," म्हणाले आणि गेले.

शनिवारी ते ऑफिसला आले नाहीत. दुपारी ऑल्विनचा फोन आला. तो हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन. "तुझे डग्लस इथं ॲडमिट आहेत गो. हार्ट. येऊन जा."

मी ऑफिसमधून तशीच गेले. ते उशीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. इकडचं तिकडचं झाल्यावर मीच विचारलं, "काल काही चुकलं का? तुम्ही बोलला नाहीत."

"पाचवा राहिला," ते म्हणाले.

"पाचवा कोण?"

त्यांनी थांबत थांबत सांगितलं. "तो ओढ्यावर पाणी प्यायला वाकला होता. बंदूक पाठीला. मी त्याला आधी पाहिलं, म्हणून मी जिवंत आहे. पण तो लगेच गेला नाही, उर्सुला. मी त्याच्याजवळ बसलो, माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. त्यानं माझी बाही धरून ठेवली होती. अर्धा तास. खिशात एक कागद नाही. आम्ही त्याला पुरला आणि रिपोर्टात लिहिलं, शत्रू, एक. माझ्या चौघांची नावं दगडावर कोरली आहेत, त्यांच्या आयांनी मेणबत्त्या लावल्या. याच्या आईला तो कुठे पडला हेही कळलं नसेल. त्याच्यासाठी माणसं उभी राहून प्रार्थना करतात, हे मला एकदा कानांनी ऐकायचं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ती ओळ मी काढली," मी म्हणाले. "मला वाटलं, तो बॅरीचा पत्ता आहे."

ते चक्क हसले, खोकला येईपर्यंत. रागावले असते तर बरं झालं असतं. खोकला थांबल्यावर म्हणाले, "त्याच्यासाठी प्रार्थना आत्ता म्हणशील? इथंच?"

रोझरीची जपमाळ माझ्या पर्समध्ये होती. पण शेजारच्या खाटेभोवती कुणाचे तरी पाहुणे दाटीवाटीनं बसले होते, नर्स गोळ्यांचा ट्रे घेऊन खोळंबली होती, माझ्या पायात साइटची धूळ. हे असं उरकून टाकायचं? आधीच एक चूक केलेली, आता दुसरी नको.

"असं घाईत नको हो," मी म्हणाले. "येत्या शुक्रवारी फादरांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, व्यवस्थित. मी स्वतः तुम्हाला गाडीतून नेते."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. आखातात हा शब्द होकारालाही वापरतात आणि कुणाला दुखवायचं नसलं की नकारालाही. मी होकार धरला.

मंगळवारी सकाळी ते गेले.

शुक्रवारी फादरांनी वाचलं, "एक माणूस, ओढ्याजवळचा, जून १९६८." त्याखाली डग्लस. हॉलमधली तीनशे माणसं उभी राहून म्हणाली, "प्रभू, त्यांना चिरविश्रांती दे." ती ओळ मी चार वेळा तपासली होती. कुठंही चूक नव्हती.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. ऑल्विन म्हणाला, "अगो, वाचलं ना नाव? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"त्यांनी मला तिथंच म्हणायला सांगितलं होतं. खाटेपाशी," मी म्हणाले. हे मी त्याला बोलले नव्हते.

"मग?"

"मी म्हटलं, शुक्रवारी."

ऑल्विननं किल्ली लावली होती, ती फिरवली नाही. मला टोचून बोलायचा त्याचा स्वभाव नाही, तेव्हाही नव्हता.

"एक नमो मरिया, ऊर्सू," तो म्हणाला. "अर्धं मिनिट लागतं गो."