चादरीखालचा शिकंजा

मित्रांनो, मी पुस्तकं बांधणाऱ्याचा एक जुना शिकंजा आहे. नाव ऐकून दचकू नका. पुस्तकांखेरीज मी कुणालाच आवळलेलं नाही. दोन जाड फळ्या, त्यांना दाबणारा लोखंडी स्क्रू आणि वर फिरवायची मूठ, एवढाच माझा पसारा.

बाइंडरकाकांनी ऐन तरुणपणी मला घरी आणलं. खळ लावलेली पुस्तकं ते माझ्यात ठेवत आणि मूठ फिरवताना त्यांनाच दटावत, "बसा आता सकाळपर्यंत गुमान!" ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं आमच्याकडून नवी होऊन जात. लोक काकांचं कौतुक करत आणि मी उगाच फुशारून जाई.

मग काकी गेल्या. काका हसेनासे झाले. पुढ्यातलं जेवण निवून जायचं, चालताना पाय घासायचे. काकांच्या मुलाला वाटलं, मला पाहून त्यांना जुने दिवस आठवत असतील. त्याने माझ्यावर चादर टाकली. "बाबा, खूप राबलात. आता फक्त आराम करा." प्रेमानेच म्हणाला, पण तिथेच चुकलं. काका दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊनही फरक पडेना. चादरीखाली मी त्यांच्या हातासाठी झुरत होतो.

शेवटी सूनबाई त्यांना दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाबा हट्टीपणा करत नाहीयेत. त्यांच्या मेंदूला रक्त कमी पोचतंय, म्हणून उदासी हटत नाही. गोळी बदललीय. रक्तदाब सांभाळायचा, रोज चालायला न्यायचं आणि झेपेल ते काम करू द्यायचं. वेळ लागेल म्हणाल्या."

"आणि आपण त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं," मुलगा म्हणाला. त्यानेच चादर काढली.

तरी कितीतरी दिवस काका माझ्यासमोरून नुसतेच जात. एका दुपारी सूनबाईने पुठ्ठा सुटलेलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, याचं काय करू?"

काकांनी ते बराच वेळ उलटसुलट पाहिलं. स्वतः खळ लावली, पुस्तक माझ्यात ठेवलं. मूठ अर्धीच फिरली. मुलगा मदतीला पुढे झाला, तसे काका खेकसले, "हात लावू नकोस! मी फिरवतो."

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच कुणावर तरी चिडले होते. ओरडा खाऊन मुलगा हसला, आणि मग डोळे पुसू लागला.

मित्रांनो, काका अजून पहिल्यासारखे झालेले नाहीत. काही दिवस फिरकतच नाहीत, तेव्हा मला करमत नाही. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस असं गप्प झालं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. तेही त्यांची वाट बघत असतं.