चुन्याची सलाईन

मी सलाईनचा स्टँड बोलतोय. बसा. उभं राहायचं काम माझं आहे, तुमचं नाही. आणि मधेमधे तोंड घालू नका. जन्मभर लोकांचं कण्हणं ऐकलं, आता जरा माझं ऐका.

जन्म नागपूरच्या एका वर्कशॉपातला. जन्म कसला! लोखंडी नळी कापली, खाली चाकं ठोकली, वर दोन आकडे वळवले, पांढरा रंग फासला, झालो मी. वेल्डिंगवाल्याचं लक्ष चहाच्या टपरीकडे होतं, म्हणून माझा एक आकडा वाकडा राहिला. १९९९ साली गोंदियाला आलो, स्टेशनाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात. तो दवाखाना आता नाही.

तिथं माणसांची एक खोड पाहिली. डॉक्टरवर भरवसा नसतो, सलाईनवर असतो. गोळ्या दिल्या तर तोंड वाकडं करतात, बाटली टांगली की घरचे खुश. पोराला नोकरी लागल्यासारखं गावभर सांगतात, ‘सलाईन लावली!’ बाटलीत काय आहे ते कुणी विचारत नाही. सांगतही कुणी नाही. थेंब हळू पडला तर म्हणतात, नर्स कंजूस आहे.

एकदा आसाराम नावाचा माणूस आला. राईस मिलमध्ये पोती वाहायचा. छाती थकली होती, पाय सुजले होते. त्याची बाटली माझ्या वाकड्या आकड्याला लावली आणि थेंब अगदी सावकाश ठेवला. उशाशी त्याची बायको दुर्पता. ती बाटलीकडं अशी पाहायची जशी बाई चुलीवरच्या दुधाकडं पाहते.

“वो बाई,” ती नर्सला म्हणाली, “जरा जोरात सोड ना वो. माणूस सुकून राहिला माहा.”

“हात लावायचा नाही,” नर्स म्हणाली आणि चालती झाली. बस, एवढंच. थकल्या छातीला जास्त पाणी झेपत नाही, हे एक वाक्य बोलायला तिला कुणी मनाई केली होती? पण नाही बोलली.

नळीवर थेंब कमीजास्त करायचं एक चाक असतं, बोटाएवढं. दुर्पताचा हात त्या चाकापर्यंत गेला आणि मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा मागं आला. दुपारी आसाराम गेला. दुर्पताने आधी नवऱ्याकडं पाहिलं नाही, बाटलीकडं पाहिलं.

“अर्धी तं बाकीच आहे,” ती म्हणाली.

नर्सचं बरोबर होतं, हे मला माहीत होतं. पण लोखंडाला तोंड कुठलं?

पुढं दवाखाना बंद पडला. खाटा भंगारात गेल्या, मीही गेलो. माझ्या पायाचं एक चाक कुणी काढून नेलं. गंज चढला. पावसात उभा राहून किती दिवस काढले ते मोजले नाहीत, मोजून करायचं काय?

तिथून मला राजदीपने उचललं. राजदीप म्हणजे त्याच आसाराम-दुर्पताचा पोरगा. मालगाडीवर गार्ड. फुलचूरला नवीन घर बांधलं होतं. मित्राच्या लग्नाला विशाखापट्टणमला गेला, तिथं समुद्र पाहिला आणि पोरगा बिघडला. म्हणाला, घरात समुद्र ठेवीन, जिवंत प्रवाळासकट. गोंदियात! जिथं लोक तळ्याची मासोळी खातात आणि धानाच्या बांधीत उभे राहतात, तिथं खारं पाणी!

मला घरात आणलं तशी दुर्पता थबकली.

“हा कायले आणला रे?”

“काम आहे, आई.”

“ह्या वाकड्या आकड्याले तुह्या बापाची बाटली होती.”

“असे शंभर असतात, आई.”

“असतीन शंभर. हा तोच आहे.”

पुढं ती माझ्याशी बोलली नाही. पण झाडताना माझ्या पायाजवळ झाडू हळू मारायची.

राजदीपने हॉलच्या भिंतीवर कोळशाने नकाशा काढला. अलका, त्याची बायको, त्या कोळशावरून रोज भांडायची. वर काचेची टाकी, पलंगाहून लांब. खाली कपाटात दुसरी टाकी, तिच्यात फेस काढायचं यंत्र. पाणी थंड ठेवायला मशीन, कारण आमचा उन्हाळा माणसाला उकडतो, प्रवाळाची काय कथा. दिवे, लाटा करायचे पंप, इन्व्हर्टर. कारण टाकीत एकाच जातीचं प्रवाळ नव्हतं. मऊ डोलणारं होतं, फुग्यासारखं फुलणारं होतं आणि दगडी फांद्यांचंही होतं. एकाला उजेड जास्त लागतो, दुसऱ्याला सोसत नाही. एकाला जोराची लाट हवी, दुसरं लाटेनं फाटतं. एकत्र कुटुंबच म्हणा.

त्यातल्या दगडी फांद्या चुना खातात. त्याच्यानंच वाढतात. तो रोज द्यावा लागतो. कसा द्यायचा, यावर राजदीप आणि गुलशन यांची हॉलमध्ये जुंपली. गुलशन म्हणजे बाजारातला माशांच्या दुकानवाला.

“भाई, डोजिंग पंप लगा,” गुलशन म्हणाला. “एक बोतल कैल्शियम की, एक सोडे की. दोनों अलग-अलग. टाइम पे अपने आप डालेगा.”

“लाईन गेली का पंप मेला. आमच्याकडं दिवसातून किती वेळ लाईन राहते, तुला माहीत नाही का?”

“तो क्या करेगा?”

“चुन्याची निवळी. वर फळीवर कॅन, खाली सलाईनची नळी. थेंब-थेंब. थेंबाले लाईन नाही लागत.”

गुलशन हसला. “तू प्रवाल को सलाईन लगाएगा? और किसी ने चाक खोल दिया तो? चूना है भाई, दूध नहीं. एकदम गया तो सब जल जाएगा.”

“घरात कोण खोलते?”

मी तिथंच उभा होतो. आकड्यावर नळी होती. दुर्पता भाजी निवडत होती, तिच्या कानावर एकच शब्द पडला. सलाईन.

तिनं विचारलं, “हे कशाची सलाईन लावली बाप्पा?”

राजदीपला ड्यूटीचा फोन आला होता, बुटाची नाडी बांधत होता. “त्याईच्या ताकतीची, आई. हात लावू नको, फक्त थेंब पडून राहिला का पाह्यजो.”

झालं. हाही नर्सच निघाला.

तसं वर्षभर छान चाललं. फांद्या वाढल्या, जांभळ्या, हिरव्या. केशरी मासे त्यात लपायचे. दुर्पता टाकीपुढं खुर्ची टाकून बसायला लागली. आधी म्हणायची, ‘मासोळी अन् खात नाही, मंग कायले पोसता?’ नंतर स्वतःच नावं ठेवली. एका फुगऱ्या प्रवाळाला ती ‘बुढा’ म्हणायची, कारण तो सकाळी उशिरा उघडायचा. आसारामही उशिरा उठायचा म्हणे.

मग तो उन्हाळा आला. भारनियमन सुरूच होतं, त्यात कुठं तरी डीपी जळाली. अलका नवेगावबांधला माहेरी गेली होती. राजदीप मालगाडीवर, गाडी रानात सिग्नलला अडकलेली, फोन लागत नव्हता. इन्व्हर्टर सकाळीच बसला. पंप थांबले, पाणी थंड करायचं मशीन थांबलं. काचेला हात लावला तर कोमट. मासे वर येऊन तोंड उघडत होते. प्रवाळ एकेक करून मिटलं. शेवटी बुढाही आक्रसला, सुपारीएवढा झाला.

दुर्पता पदराने काचेला वारा घालत होती. काचेला! मग पुन्हा फोन लावला. लागला नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. थेंब पडत होता, सावकाश, टप, टप.

“ह्या वक्ताले नाही थांबत,” ती म्हणाली.

अंगठा नळीच्या चाकावर आला. मी ओरडलो असतो. खरं सांगतो, वाकड्या आकड्यासकट तिच्या पायावर पडलो असतो, पण एक चाक नसलेला स्टँड माणसानं ढकलल्याशिवाय पडतसुद्धा नाही. तिनं चाक पुरतं उघडलं. निवळी धार धरून टाकीत गेली.

आधी पाणी धुरकट झालं. मग दुधासारखं. मग पांढरा भुगा पडायला लागला, वरून खाली, बुढ्यावर, फांद्यांवर, माशांवर. ती म्हणत राहिली, “पी, बाप्पा, पी.”

राजदीप आला तेव्हा संध्याकाळ होत होती आणि लाईन नुकतीच आली होती. दिवे लागले, टाकी पांढरी दिसली. त्यानं चाक पाहिलं, रिकामं कॅन पाहिलं. तोंड उघडलं. शिवी अगदी दातापर्यंत आलेली मी पाहिली.

“मी जोरात सोडली,” दुर्पता म्हणाली. “अशक्त झाले होते. तुह्या बापाच्या वक्ताले हात लावला नाही, आतापर्यंत पस्तावून राहिली. आता लावला.” मग टाकीकडं बोट करून म्हणाली, “हे कधी उघडतीन?”

राजदीप खुर्चीत बसला. “आई,” तो म्हणाला, “ते सलाईन नव्हतं. चुना होता.”

“तं तू सलाईन काऊन म्हटलं?”

बापाची बाटली सावकाश का होती, हेही त्यानं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. रेल्वेच्या डॉक्टरकडून त्याला ते कधीचं माहीत झालं होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं म्हणे. राहून गेलं होतं!

एकही प्रवाळ पुन्हा उघडलं नाही. रिकामी टाकी विकली गेली. मला अंगणात नेलं, माझ्यावर कारल्याचा वेल चढला. बरी जागा होती.

या आठवड्यात वेल तोडून मला पुन्हा घरात आणलं. दुर्पता अंथरुणाला लागली आहे. नर्स घरी येते. बाटली माझ्या वाकड्या आकड्याला आहे, थेंब सावकाश. राजदीप उशाशी बसला आहे, आणि ज्याला सगळं माहीत आहे त्याचाच हात आता चाकाकडं चालला आहे.

“आई, थोडी वाढवू का?”

दुर्पताने डोळे उघडले. “नको रे,” ती म्हणाली. “तशानंच तं बुढा मेला.”

त्यानं हात मागं घेतला आणि तिच्या हातावर ठेवला.

माझं मागणं फार नाही. उशाशी बसलेल्या माणसाला, त्यानं विचारलं नाही तरी, बाटलीत काय आहे ते सांगत जा. मला ते कधीच सांगता आलं नाही. मी फक्त धरून उभा राहतो. आताही तेच करतो आहे. बाटली अर्धी बाकी आहे.